तोफाउलाचा खांब

सालेपाओ, १८ ऑगस्ट

तोफाउला दादा,

हे पत्र हातानं लिहून पाठवते आहे, कारण ईमेल तुझ्या ऑफिसातली ती गोड बोलणारी मुलगी वाचते आणि पुढं ते तुझ्यापर्यंत पोचतं की नाही, देव जाणे. पाकिटावर मी मोठ्या अक्षरांत ‘घरगुती’ असं लिहिलंय. ब्रिस्बेनच्या कुलगुरूंना घरगुती पत्र आलंय म्हटल्यावर निदान कुतूहल म्हणून तरी तू फोडशील.

काल सकाळी इथल्या कँपसवर सूचना लागली. विद्यापीठ परदेशातल्या शाखांची फेररचना करतंय, म्हणून सालेपाओची शाखा वर्षअखेरीस बंद होणार. नर्सिंगची ही पहिली आणि एकुलती तुकडी, दुसऱ्या वर्षाची एकवीस मुलं; त्यांनी तिसरं वर्ष ब्रिस्बेनला येऊन करावं, नाहीतर दोन वर्षांचं प्रमाणपत्र घेऊन घरी जावं. त्याच वर्गातली इआनेता सूचना वाचून थेट माझ्या खानावळीत आली आणि बशा विसळायला लागली. माझी लेक आपणहून बशा विसळते म्हणजे काहीतरी मोठं बिनसलंय हे मला न सांगता कळतं.

सूचनेखाली सही तुझी. रॉडरिक पेल, कुलगुरू. तोफाउला हे नाव कुठंच नाही. चार वर्षांपूर्वी तुझ्या गळ्यात लाल माळ घातली, कमरेला घराण्याची बारीक विणीची चटई गुंडाळली, तुला उघड्या अंगानं सभाघरात बसवून मानाचं पेय म्हणून कावा पाजला आणि आमच्या वडिलांचं नाव तुझ्यासारख्या परक्याला देऊन तुला माझा भाऊ केलं. तो फोटो तुझ्या माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर आहे. तेव्हा नाव बरं चाललं होतं.

विसरला असशील म्हणून सांगते. नाव घेतलं की माणूस घराण्याचा मताई होतो, कर्ता होतो. ऑकलंडच्या आमच्या दोन चुलतभावांचा त्या नावावर डोळा होता. त्यांना बाजूला सारून घराण्यानं ते तुला दिलं, कारण तू उभा राहून म्हणालास की इथल्या पोरी इथंच शिकून इथंच नर्स होतील. इथून शिकायला बाहेर गेलेली पोरगी परत येत नाही, हे सांगायला आम्हाला कुठल्या प्राध्यापकाची गरज नव्हती. गावच्या दवाखान्याला सहा वर्षं नर्स नाही. डॉक्टर गुरुवारी येतो, आणि आमच्याकडची माणसं गुरुवारपर्यंत थांबत नाहीत.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी घराण्याची बैठक आहे. सभाघरात प्रत्येक मताईचा खांब ठरलेला असतो; समुद्राकडून पहिला तोफाउलाचा, म्हणजे तुझा. येऊन त्याला टेकून बस आणि तुझ्या तोंडानं सांग काय ते. पोउओनो म्हणतो, “तुझा भाऊ कसला येतो, मोएलांगी. फोटोत आला तेवढंच त्याचं येणं.” मी म्हटलं, “बैठक होऊ दे, मग तोंड उघड.” तो आमच्या सभेचा वक्ता. त्याला तोंड मिटायला सांगणारी गावात मी एकटीच.

येता येत नसेल तर निरोप पाठव. पण बहिणीला पाठव, सूचनाफलकाला नको.

तुझी बहीण,
मोएलांगी

सालेपाओ, ९ सप्टेंबर

तोफाउला दादा,

उत्तर आलं. तुझ्या त्या मुलीचं. ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.’ मी ते बैठकीत वाचून दाखवलं नाही, मला अजून थोडी लाज आहे.

बैठक झाली. तुझ्या खांबाशी चटई अंथरली होती आणि पुढ्यात डुकराच्या पाठीचा तुझा वाटा केळीच्या पानावर ठेवला होता. सगळे बोलून होईपर्यंत तो तसाच. माशा वारायला बसवलेली पोरंही कंटाळून निघून गेली. शेवटी पोउओनोनं काठी टेकली आणि त्या रिकाम्या चटईकडं तोंड करून तासभर भाषण केलं. “महाराज, आपण मौन धरलंत, म्हणजे आपलं मन भरून आलं असणार,” असं सुरू केलं त्यानं. लोक हसून हसून मांड्या थोपटत होते. मी नाही हसले. भाऊ म्हणून ज्याला मी पुढं आणलं, त्याची थट्टा माझ्यासमोर होत होती.

मग गावच्या सभेनं तुला दंड केला. बोलावून न येणं, निरोप न देणं, आणि घराण्याला न विचारता घराण्याचं काम मोडणं. एक मोठं डुक्कर आणि डबाबंद मासळीची दहा खोकी. मताईला दंड झाला की तो घराणं भरतं, मताई कुठं का असेना. घराणं म्हणजे इथं कोण? ऑकलंडवाले म्हणाले, “तुम्ही निवडलात ना गोरा मताई? आता भरा.” म्हणून डुक्कर माझं गेलं. ती काळी डुकरीण मी इआनेताच्या पदवीच्या जेवणासाठी दोन वर्षं वाढवत होते. तिला पपया फार आवडायच्या. हे तुला मुद्दाम सांगते, कारण तुझ्यामुळं काय काय गेलं ते तुझ्या कुठल्याच अहवालात येणार नाही.

तू म्हणशील, ब्रिस्बेनचा रस्ता मोकळा ठेवलाय की मुलांना. अर्ध्या फीमध्ये. अरे, अर्धी फीसुद्धा इथल्या शिक्षकाचा दोन वर्षांचा पगार होतो. आणि समजा कुणी आणलीच कुठून तरी, तर शिकून ती पोरगी ब्रिस्बेनच्या म्हाताऱ्यांच्या चादरी बदलणार. त्यांच्याही चादरी कुणीतरी बदलायला हव्यात, मान्य. पण त्यासाठी तुला आमच्याकडं शाळा उघडून, नाव घेऊन, चटई गुंडाळून घ्यायची काही गरज नव्हती. सरळ जाहिरात द्यायची.

एवढंच मागणं आहे, नीट वाच. या एकवीस मुलांचं तिसरं वर्ष इथं, सालेपाओत शिकवून पुरं कर. मग खुशाल शाखा बंद कर. आमच्यात भाऊ बहिणीचा शब्द खाली पडू देत नाही. तुझ्या देशात काय रीत आहे ती असो, तू आमच्या घरात आलास.

मोएलांगी

सालेपाओ, ३ ऑक्टोबर

तोफाउला दादा,

मंगळवारी तुझी माणसं आली. क्रेन नावाचा तुझा मालमत्ता अधिकारी आणि त्याच्याबरोबर हॉटेल कंपनीचे दोघं. मापायची फीत घेऊन प्रयोगशाळा मापत होते, आणि आत मुली बाहुल्याच्या दंडावर सुई टोचायला शिकत होत्या. हॉटेलवाल्यानं दारातून डोकावून विचारलं, “ही भिंत पाडली तर समुद्र दिसेल ना?” इआनेतानं मान वर न करता सांगितलं, “बाहेर जाऊन उभे राहा, फुकट दिसतो.”

इमारत विकायला काढली आहेस हे आम्हाला असं कळलं. क्रेन तसा साधा माणूस. घामानं निथळत होता, म्हणून मी त्याला कोकोचा पेला दिला आणि पायरीवर बसवलं. पोउओनोही येऊन बसला. मी विचारलं, “जागेचे कागद बघू?” त्यानं फाइल उघडली, पुढं चाळली, मागं चाळली, परत पुढं चाळली.

“भाडेपट्टा यातच असायला हवा,” तो म्हणाला.

“भाडेपट्टा केलाच नव्हता,” मी म्हटलं.

खरंच नव्हता, दादा. आठवतंय ना? घराण्याची जमीन परक्याला भाड्यानं द्यायची तर सरकारी खात्यातून दोन-तीन वर्षं जातात. तुला घाई होती. दुसरं एक विद्यापीठ फिजीत शाखा काढत होतं आणि तुला त्यांच्या आधी फीत कापायची होती. मग तूच हसत म्हणालास, “घरच्या माणसाला भाडेपट्टा कशाला?” आम्हालाही ते पटलं. मताईला घराण्याच्या जमिनीवर बांधायला कुणाची परवानगी लागत नाही. तू तोफाउला म्हणून बांधलंस, कुलगुरू म्हणून नाही.

पोउओनोनं क्रेनला फार प्रेमानं समजावून सांगितलं. “पोरा, ही जागा तोफाउलाची. तोफाउला आमचा. आमच्या माणसानं आमच्या जागेवर घर बांधलंय. त्यात विकायचं काय?” क्रेननं कोको अर्धा तसाच टाकला. हॉटेलवाले गाडीत जाऊन बसले ते उतरलेच नाहीत.

मला त्या गरीब माणसाची कीव आली. पण तुझी नाही आली.

मोएलांगी

सालेपाओ, १५ ऑक्टोबर

दादा,

फोनवर मी तुला नीट उत्तर दिलं नाही. म्हणून ते आता शांतपणे लिहून पाठवते.

चार वर्षांत तुझा पहिला फोन आला. ‘मोएलांगी, कशी आहेस?’ म्हणालास तेव्हा माझे डोळे भरून आले होते. तुला ते दिसलं नाही हे बरं झालं. पुढं तू म्हणालास की ते नाव म्हणजे तुझ्यासाठी फार मोठा सन्मान होता, पण तो प्रतीकात्मक होता. मी हा शब्द इआनेताला विचारला. ती म्हणाली, “म्हणजे खरा नाही, पण फोटोपुरता खरा.”

दादा, तुला नाव देण्यासाठी आम्ही घराण्यातल्या सोळा बायकांनी ती चटई विणली होती. एकीची त्यात नजर अधू झाली. ती म्हातारी अजून विचारते, “माझ्या चटईतला कसा आहे?” तिला जाऊन काय सांगू, प्रतीकात्मक आहे?

आणि मग तू ती दुसरी गोष्ट बोललास. इमारतीवरचा हक्क सोडल्याच्या कागदावर घराण्याच्या सह्या मी मिळवून द्यायच्या, आणि इआनेताला ब्रिस्बेनला पूर्ण शिष्यवृत्ती. राहणं, जेवण, विमानाचं तिकीट. तिची एकटीची. मी ‘विचार करते’ म्हणाले. तू खूश होऊन फोन ठेवलास.

विचार केला मी. खोटं कशाला सांगू, चांगला आठवडाभर केला. ती माझी एकुलती एक. पोरगी हुशार आहे, तिच्या हाताला गुण आहे, आणि बाकीची वीस मुलं माझ्या पोटची नाहीत. खानावळीत त्यांना वाढताना माझी मान वर होत नव्हती. शेवटी कपडे वाळत घालताना तिला सांगून टाकलं. चिमटे तोंडात धरून तिनं सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाली, “आई, मी तिकडं गेले तर परत येईन असं तुला वाटतं?”

“नाही वाटत,” मी म्हटलं.

“मलाही नाही वाटत,” ती म्हणाली. “म्हणून नको. आणि मामाला सांग, घ्यायचं तर एकवीस जणांना विकत घे. एकटीला घेऊन माझी किंमत कशाला पाडतोस?”

तिचं उत्तर मी तिच्याच शब्दांत कळवलंय. माझं उत्तर असं. सह्या मिळणार नाहीत. मी मागणार नाही, आणि दुसऱ्या कुणी मागितल्या तर पहिली आडवी मी येईन. तू मोठा माणूस आहेस, तुझ्याकडं वकील आहेत, आणि आम्ही समुद्राकाठी बसलेली चार माणसं आहोत हे मला ठाऊक आहे. पण ही जागा आमची आहे आणि तिथं उभं राहून मी तुला ‘नाही’ म्हणते आहे.

तिसरं वर्ष इथं शिकव. मग ये, तुझ्या खांबाला टेकून बस, मरेपर्यंत तोफाउला राहा. मी स्वतःच्या हातानं तुला वाढीन. अजूनही वेळ गेलेली नाही.

मोएलांगी

सालेपाओ, २२ नोव्हेंबर

रॉडरिक,

दादा आणि तोफाउला वगळून तुला पहिल्यांदाच लिहिते आहे. हात अडखळला, पण सवय होईल.

तुझ्या वकिलाचं पत्र सभेत वाचलं. तू तोफाउला हे नाव, त्याचे सर्व मान आणि सर्व जबाबदाऱ्या यांसह स्वखुशीनं सोडून देत आहेस. तशी नोंद राजधानीत, अपियाला, जमिनीच्या आणि नावांच्या कोर्टातही तुम्ही करून टाकली आहे. म्हणजे यापुढं दंड नाही, बोलावणं नाही, बहीण नाही. वकिलानं तुला सांगितलं असेल की आता तू मोकळा झालास.

वाचून झाल्यावर ते सभाघरात हातोहात फिरलं. मग पोउओनोला हसू फुटलं. इतकं, की त्याची काठी हातातून निसटली आणि माशा वारायचा झुबका मांडीवरून खाली घरंगळला.

“अरे, यानं तर सगळंच देऊन टाकलं,” तो म्हणाला. “विकत होता तेव्हा निदान भांडण तरी होतं.”

तुझ्या वकिलाला आमच्याकडच्या कुठल्याही पोरानं सांगितलं असतं. मताई नाव सोडून निघाला की जमीन घराण्याकडं येते, आणि तिच्यावर जे उभं असेल ते तिच्यासकट येतं. घर काही कुणाला पिशवीत घालून नेता येत नाही. तू नाव धरून बसला असतास तर आम्हाला तुझ्याशी वर्षानुवर्षं कोर्टात झगडावं लागलं असतं. तू एका सहीनं ते मिटवलंस. कोर्टानं या महिन्याच्या सुरुवातीलाच तसं लेखी दिलंय. वर्ग, प्रयोगशाळा, खाटा, ते बाहुले, सगळं घराण्याचं.

त्यानंतर मी आणि पोउओनो अपियाच्या विद्यापीठात गेलो. त्यांच्याकडं नर्सिंगचे शिक्षक आहेत, जागा नाही. आमच्याकडं जागा आहे. ते म्हणाले, एकवीसही मुलांना तिसऱ्या वर्षाला घेतो, शिक्षक सालेपाओला पाठवतो, अट एकच. पहिल्या दोन वर्षांची गुणपत्रकं ब्रिस्बेनहून शिक्क्यानिशी आली पाहिजेत.

आणि आता तुझ्या ऑफिसातून कळतं की इमारतीचा वाद मिटेपर्यंत गुणपत्रकं थांबवून ठेवली आहेत. ते वाचल्यावर मी पहिल्यांदा रडले. तुझ्यासमोर कबूल करायला मला लाज नाही वाटत. ते गुण तू दिलेले नाहीस, रॉडरिक, त्या मुलांनी मिळवलेत. रात्रपाळी करून आलेल्या बापाच्या शेजारी बसून, पाच भावंडांच्या गोंगाटात बसून मिळवलेत. त्यावर तू बसलास.

मग शनिवारी रिकाम्या झालेल्या नावासाठी घराणं बसलं. ऑकलंडचे दोघं चुलतभाऊ विमानानं आले, नवे शर्ट घालून. बराच खल झाला. शेवटी पोउओनो उठला. “दंड हिनं भरला. डुक्कर हिचं गेलं. आमिष हिला दाखवलं, तर हिनं ते झिडकारलं. आता नाव दुसऱ्या कुणाला द्यायचं तर त्याचं काम काय? हिनं केलेल्या कामांचे फोटो काढून घेणं?” दोघातिघांनी बाई म्हणून नाकं मुरडली. पण आमच्या घराण्यात पूर्वीही एका बाईनं हे नाव चालवलंय, आणि ती मुरडणाऱ्यांचीच पणजी.

तर आता समुद्राकडून पहिल्या खांबाला मी टेकून बसते. पाठीला टोचतो तो. तुला कळलंच नसेल, तू बसलास कुठं.

आता मुद्द्याचं. तू नाव सोडलंस, घराणं सोडलेलं नाहीस. ते सोडायची सोय आमच्यात नाही. तुझ्या अंगाला आमची चटई लागली, आमच्या डुकराचा वाटा तू जेवलास, वडिलांच्या थडग्यावर तू फुलं ठेवलीस. जे झालं ते झालं. म्हणजे आज तू आमच्या घराण्यातला बिननावाचा माणूस आहेस. आमचे बिननावाचे पुरुष काय करतात ते तू पाहिलंयस. रविवारी पहाटे चूल पेटवतात, नारळ खवतात, पानं वाढतात आणि मताईनं सांगितलेलं ऐकतात. तिथं वकील चालत नाही.

एवढ्या लांबून तुला चूल पेटवायला बोलावत नाही. मी तुझी मताई म्हणून एकच काम सांगते. एकवीस मुलांची गुणपत्रकं, शिक्क्यासह, फेब्रुवारीच्या आत पाठव.

हे मागणं नाही. मागून झालं, तीन महिने मागून झालं.

तोफाउला मोएलांगी

सालेपाओ, ३ फेब्रुवारी

रॉडरिक,

तुझं पाकीट काल मिळालं. मी ते सभाघरात सगळ्यांसमोर फोडलं, मुलांना एकेक करून नावानं बोलावलं आणि ज्याचं त्याच्या हातात दिलं. इआनेताचं शेवटून दुसरं निघालं. तोवर तिनं माझ्या बाहीचा काठ चुरगळून ठेवला होता. एकवीसही आहेत, शिक्के आहेत, आणि प्रत्येकावरची सही तू स्वतः पेननं केलेली आहे. शाई एके ठिकाणी फिसकटली आहे. अपियाचे शिक्षक सोमवारी येतात, वर्ग त्याच दिवशी सुरू होतो.

पोउओनोनं पाकीट उलटं करून झटकून पाहिलं. “चिठ्ठी नाही?” म्हणाला. “माफी नाही, खुलासा नाही, एक अक्षरसुद्धा नाही?”

मी त्याला म्हटलं, नसायचंच. बिननावाचा माणूस सभेत बोलत नाही, सांगितलेलं काम करून मागं जाऊन बसतो. आमच्यातल्या पोरांना हे शिकायला बरीच वर्षं लागतात. तुझा जेवणाचा वाटा काढून ठेवलाय, मागच्या बाजूला, पोरांच्या पंगतीत.

तोफाउला